गोड पाण्याची साय

चहाचा पहिला घोट कल्पिताने तोंडातच धरून ठेवला. गिळावा की मोरीत जाऊन थुंकावा, ते तिला कळेना. चहात साखर होती, आलं होतं, दूध होतं आणि या सगळ्यांच्या खालून जिभेवर चढणारा खारटपणा होता. समोर तिची आई, वनमाला, ओट्याला टेकून तोच चहा पीत होती. तिने कप रिकामा केला, बशीत सांडलेला घोटही ओढून घेतला आणि पदराने ओठ पुसले.

साखरेऐवजी मिठाचा डबा हाताला लागला असणार. कल्पिता हसत तसं म्हणणार, तोवर आईनेच विचारलं, "अजून देऊ अर्धा?"

"नको. बस झाला."

"बोरिवलीच्या नळाचा पिऊन पिऊन तोंड बिघडलंय तुझं. विहिरीच्या पाण्याचा चहा आता कुठला आवडायला."

आईची पाठ वळल्यावर कल्पिताने उरलेला चहा मोरीत ओतला. अण्णांचा कप कुठे दिसला नाही. चौकशी केली तर वडील जेटीवर गेलेले. हल्ली दोन्ही वेळचा चहा तिकडच्या टपरीवरच होतो, असं आई म्हणाली. बोट विकल्यापासून म्हाताऱ्याला घरात करमत नाही, त्यात आता हा नवीन नाद. बोलता बोलता तिने कपाट उघडून डबे पुसायला घेतले. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. मिठाची बरणी पार खाली, चुलीजवळच्या कोनाड्यात. एकाच्या जागी दुसरं हाताला लागावं, असं ते अंतर नव्हतं.

गोराईत नळ येऊन बरीच वर्षं झाली होती, पण चहा आणि डाळ विहिरीच्याच पाण्यात, हा वनमालाचा नियम होता. आणि पाण्याबद्दल वनमालाला कोणी काही सांगावं, अशी त्या आळीत पद्धत नव्हती. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. तेवढ्यावर तिथल्या वाड्या उभ्या. ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा उंबरठा ओलांडायच्या आधी सासूने तिला विहिरीवर नेलं होतं. आळीतल्या विहिरींचं पाणी वेगवेगळ्या तांब्यांत भरून ठेवलेलं. डोळे मिटून एकेक घोट घ्यायचा आणि कुठलं गोड, कुठलं मचूळ ते सांगायचं; त्या घरात येणाऱ्या सुनेसाठी तशी रीतच होती. वनमालाने सगळी ओळखली. वर शेजारच्या इनासच्या घरचं पाणी आपल्याहून गोड आहे, हेही सांगून टाकलं. जमलेल्या बायका हसल्या. सासू मात्र हसली नाही. म्हणाली, सून खरं बोलते, कामाची आहे.

तेव्हापासून रोज सकाळी, तोंडात काही घालायच्या आधी, वनमाला पोहरा सोडायची, ओंजळभर पाणी तोंडात घोळवायची आणि निकाल द्यायची. 'चालू करा' नाहीतर 'आज नको'. 'आज नको' म्हटलं की त्या दिवशी पंप बंद, मग मिरचीने माना टाकल्या तरी चालेल. कुंपणापलीकडे इनाससुद्धा आपल्या पंपाच्या खटक्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. त्याची विहीर हाकेच्या अंतरावर, दोघांचं पाणी वाळूखालून एकच. सासू सांगायची, दुधावरची साय काढतात तसं पाणी काढावं, पातेलं खरवडू नये.

हे सायीचं वाक्य वनमालाने तीन पावसाळ्यांपूर्वी सिद्धेशला ऐकवलं होतं. सिद्धेश कोकणातल्या कृषी विद्यापीठाचा संशोधक. विद्यापीठ, पाण्यावर काम करणारी एक संस्था आणि गावातल्या बागायतदारांचं मंडळ, असा तिघांचा मिळून प्रकल्प होता. पाटाने पाणी सोडायचं नाही, ठिबकच्या नळ्या टाकायच्या, वाळूवर पेंढा पसरायचा आणि खारं पाणी वर न येऊ देता विहिरीतून किती उपसता येतं, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. पहिल्याच बैठकीत सिद्धेश कागदावर खालचं खारं आणि वरचं गोड पाणी काढून दाखवत होता. वनमाला म्हणाली, ही तर साय. त्याने पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून ती त्याची मावशी झाली आणि त्याचं लग्न कधी, हा तिचा दर भेटीतला प्रश्न झाला.

क्षार मोजायचा मीटर त्याच्याकडे एकच होता आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनाही तोच लागायचा. सुरुवातीला आधी वनमाला चव घ्यायची, मग तो मीटर बुडवायचा. दोघांचं कधी वेगळं आलं नाही. मग मंडळानेच ठरवलं आणि त्यालाही पटलं: मीटर महिन्यातून एकदा, मधल्या दिवसांत मावशीची जीभ. प्रकल्पाच्या मेळाव्यात तिला व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला गेला. तो फोटो घरात गणपतीच्या तसबिरीशेजारी होता. फोटोतही ती शाल नीट करण्याऐवजी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे संशयाने बघत होती.

ठिबक चालली. पाणी उरायला लागलं. सिद्धेश परोपरीने सांगायचा की वाचलेलं पाणी विहिरीतच राहू द्या, ते खर्चायला वाचवलेलं नाही. पण डोळ्यांसमोर पाणी आणि शेजारी पडीक जमीन असल्यावर हात थांबत नाहीत. इनासने खाडीकडचा तुकडा लावला. वनमालाने स्वतः कुंपणाकडेने काकडीचे वेल चढवले. पाणी गोड आहे ना, मग झालं. आणि पाणी रोज गोडच होतं.

कल्पिता चप्पल अडकवून वाडीत उतरली. माघाचं ऊन अजून कोवळं होतं. पेंढ्याखालून काळ्या नळ्या शिस्तीत गेलेल्या, तोट्यांतून थेंब टपकत होते. मिरचीजवळ ती थांबली. पानं हिरवी होती, पण प्रत्येक पानाची कड तपकिरी, कुणी उदबत्तीने फिरवून जाळावी तशी. चवळीची पानं कडेला हात लावला की चुरत होती. काकडीच्या वेलाखाली, पेंढा सरकला होता तिथे, ओल्या वाळूभोवती पांढरट कड धरली होती.

कुंपणापलीकडे इनास पाठीवर फवारणीचा पंप घेऊन फिरत होता. तो म्हणाला, करपा आलाय, दोनदा मारलं, जातच नाही. कल्पिताने विचारलं, पाणी कसं आहे. तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या विहिरीचं त्याने चाखलं होतं का? तो म्हणाला, आम्ही तर कधीपासून नळाचंच पितो, आणि चाखायचं कशाला, वहिनीने सकाळीच सांगितलं ना, गोड आहे.

आई मागून आली होती. पोहरा भरून तिने कल्पितापुढे धरला. कल्पिताने ओंजळ लावली. पाणी थंडगार होतं. पहिल्याच घोटाला तिच्या घशाने ते परत वर ढकललं. लहानपणी समुद्रात नाकातोंडात पाणी गेल्यावर व्हायचं तसं.

"कसंय?" आईने विचारलं. विचारताना ती पंपाच्या नळीवरची धूळ झाडत होती. उत्तर काय येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज.

"थंड आहे," कल्पिता म्हणाली.

दुपारी जेवायला कोळंबीचं कालवण होतं. कल्पिताने एक घास खाल्ला आणि पाण्याचा पेला जवळ ओढला. आई पुन्हा पुन्हा वाढून घेत होती, आणि तरी अळणीच झालंय म्हणत चिमूटभर मीठ वरून घालत होती. अण्णांच्या ताटात पांढरा भात, लिंबाची फोड आणि भाजलेला सुका बोंबील. ते मान खाली घालून जेवत होते. कालवणाची वाटी ताटाबाहेर सरकवलेली, जशीच्या तशी.

आई भांडी घेऊन उठली, तेव्हा कल्पिताचं लक्ष तिच्या पावलांकडे गेलं. बोटांत जोडवी नव्हती. आईच्या पायात जोडवी नाहीत, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, घट्ट होतात गो हल्ली, चालून चालून बोटं फुगतात, काढून देव्हाऱ्यात ठेवलीत. कल्पिता खाली वाकली आणि आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. बोरिवलीच्या एका लॅबमध्ये ती माणसांचं रक्त काढायची. खुर्चीवर टेकवलेल्या हातांइतकीच चपलेच्या पट्ट्यात रुतलेली पावलंही तिने रोज पाहिली होती. आईचा पाय सोडून ती हळूच सरळ झाली.

संध्याकाळच्या बोटीने परतताना तिच्या पर्समध्ये विहिरीच्या पाण्याची बाटली होती. जेटीवरच्या टपरीत अण्णा बाकावर बसले होते. तिला पाहून त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला. चहा टपरीतल्यासारखा, अति गोड होता. तो पिताना दोघंही खाडीकडे बघत होती.

"अण्णा, विहीर खारट झालीय."

"संक्रांतीपासून," अण्णा म्हणाले.

"आणि आई?"

"तिला लागत नाही."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. एकदा त्यांनी चहा कसासाच लागतोय म्हणून बघितलं होतं. तर ती म्हणाली, तंबाखूने तुमची जीभ भाजलीय, तुम्हाला काय कळतं. पुन्हा बोलायचा धीर झाला नाही. त्यांना वाटलं, म्हातारपण आहे, कुणाचे डोळे जातात, कुणाचे कान. पावसाळा आला की विहीर आपोआप सुधारेल आणि कुणाला काही कळणार नाही. तोवर टपरीवर चहा पिता येतो.

"तुम्ही सिद्धेशला तरी सांगायचं."

"सगळी आळी तिच्या तोंडाकडे बघते बाय. आयुष्यभर तिने तेवढं एकच कमावलं. ते मी काढून घेऊ?"

बोट लागली. माणसं, टोपल्या, मोटरसायकली चढल्या. अण्णा बाकावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कल्पिता रक्त काढायचं सामान घेऊन आली. आईने दंड पुढे केला आणि तोंड फिरवलं नाही. सुईकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं मी पाण्याची चव बघितली. आता तुम्ही माझी बघा." रक्ताची नळी भरत असताना कल्पिताने सहज विचारावं तसं विचारलं, तोंडाला चव कशी आहे. आई म्हणाली, लोखंड चाटल्यासारखं लागतं कधी कधी, बाकी काही नाही. म्हणून तर मीठ जरा जास्त घालते.

लॅबमध्ये तो अहवाल सर्वांत आधी कल्पितानेच पाहिला. दुसऱ्यांदा बघितला, वरचं नाव पुन्हा वाचलं. मशीनजवळच्या सपनाने विचारलं, काय गं, कुणाचा आहे. कल्पिता म्हणाली, घरचा.  सपनाने आपल्या डब्यातली पोळी काढून कल्पितापुढे ठेवली आणि काउंटरवरची रांग स्वतः घेतली.

आईच्या रक्ताचं सिद्धेशला सांगायचं काही कारण नव्हतं. कल्पिताने त्याला फोनवर फक्त पाण्याचं सांगितलं, बाटली भरून आणल्याचंही.  तो म्हणाला, मीटर जुळवायला पाठवला होता. मीटरही कालांतराने चुकायला लागतो, त्याला ठरलेल्या क्षाराच्या पाण्यात बुडवून पुन्हा जुळवावं लागतं. त्यामुळे दोन वेळा गोराईची फेरी चुकली. दोन्ही वेळा त्याने मावशीला फोन केला होता आणि मावशी म्हणाली होती, गोड. शिवाय हसून म्हणाली होती, माझ्या जिभेला कुठे जुळवायला पाठवावं लागत नाही बघ.

बुधवारी सकाळी तो मीटर घेऊन आला. कल्पिताने सुट्टी टाकली होती. विहिरीवर इनास होता, मंडळाचे दोघंतिघं होते, अण्णा पिंपळाच्या पारावर लांब बसले होते. वनमालाला इतकी माणसं बघून बरं वाटलं. सिद्धेशला तिने विचारलं, पत्रिका घेऊन आलास की नुसता मीटर. तो नेहमीसारखा लाजला नाही.

रीतीप्रमाणे आधी तिने पोहरा सोडला. ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, गिळलं.

"गोड. चालू करा."

सिद्धेशने पेल्यात पाणी घेऊन मीटर बुडवला. त्याने तो बाहेर काढून पुसला, पेला रिकामा करून पुन्हा भरला आणि पुन्हा बुडवला. इनास त्याच्या खांद्यावरून वाकला आणि मग खाडीच्या दिशेला बघायला लागला. मंडळाचा एक जण खोकला. सिद्धेश म्हणाला, आताच जुळवून आलाय, काहीतरी राहिलं असेल, मी दुसरा घेऊन येतो.

त्या कठड्यावर उभं राहून वनमालाने पाण्याइतकीच माणसांची तोंडंही वर्षानुवर्षं पाहिली होती. तिने पोहरा इनासपुढे धरला. इनासने ओंजळ लावली, घोट घेतला. "गोड आहे वहिनी," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा ते पाणी लपवू शकला नाही. मग तिने सिद्धेशपुढे धरला. तो प्यायला आणि खाली बघत राहिला.

"कल्पिता," आई म्हणाली, "तू सांग."

"खारट आहे, आई."

"थोडं?"

"खूप."

पंप घुमत होता. मघाशीच सुरू केलेला, तिच्याच शब्दावर. वनमालाने पुन्हा ओंजळ भरली. डोळे मिटले आणि तोंडातलं पाणी ती या गालातून त्या गालात नेत राहिली, कितीतरी वेळ. कुणी हललं नाही. शेवटी तिने ते गिळलं आणि डोळे उघडले. तिला काहीच लागलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं.

ती पंपाच्या खोपीकडे गेली. खटका खाली ओढल्याचा आवाज आला. नळ्यांमधली हवा सुस्कारत बाहेर पडली आणि वाडीतले थेंब एकेक करून थांबले.

"आज नको," ती म्हणाली.

इनासने कुंपण ओलांडून जाऊन आपला पंप बंद केला. त्याचा पाय नव्याने लावलेल्या चवळीवर पडला, तेही त्याला कळलं नाही. परत येताना वनमाला पाराजवळ थांबली आणि अण्णांना म्हणाली, "टपरीचा नाद लागला म्हणून मी गावभर सांगत होते. तुम्ही तरी." वाक्य अर्धं टाकून ती घरात गेली. त्या दिवशी तिने नळाच्या पाण्याचा चहा केला आणि पहिला कप अण्णांच्या हातात दिला.

रक्ताचं कल्पिताने त्याच संध्याकाळी सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं. विचारलं एवढंच, की विहिरीच्या पाण्याने झालं का. कल्पिता म्हणाली नाही. मूत्रपिंडं बरीच आधीपासून निकामी होत आली असणार, म्हणूनच जिभेची चव गेली. पण खारं पाणी आणि वरचं मीठ यांनी उरलंसुरलं लवकर नेलं, हे तिने सांगितलं नाही. आईने ते न सांगताच ओळखलं असावं. मीठ विहिरीत आधी आलं की आपल्यात, एवढंच ती स्वतःशी म्हणाली.

सिद्धेश भेटायला आला तेव्हा त्याच्याने बोलवेना. चूक माझी, असं काहीतरी तो पुटपुटला. आई उशीला टेकून बसली होती. "तुझ्या मीटरला जुळवायला पाठवतोस ना रे," ती म्हणाली, "माणसाला कोण जुळवतं?" मग ती दमली आणि तिने हाताने त्याला बस म्हणून खूण केली.

बोरिवलीत कल्पिताच्या घरी तिला आणलं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी रक्त शुद्ध करायला न्यायचं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला जेमतेम काही पेले. आई चमच्याने प्यायची, प्रत्येक चमच्यानंतर थांबायची. उन्हाळा होता. ओठांना भेगा पडायच्या. एकदा चमचा तोंडाशी नेता नेता ती हसली. म्हणाली, "बघ, मलाच ठिबक लावलं."

ती चौकशी करायची ती फक्त विहिरीची. इनासचा फोन आला की फोन कानाला लावून ऐकायची. मिरची गेली, चवळी गेली, काकडीच्या वेलांचे दोर राहिले. खाडीकडचा तुकडा इनासने सोडला. पाऊस चांगला झाला तरी सिद्धेशचा आकडा पुरता खाली येईना. तो म्हणायचा की एकदा वर आलेलं खारं पाणी खाली जायला किती पावसाळे घेईल, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही, तेच तर शोधतोय आपण. पंप कुणी चालू केला नव्हता. आई हे ऐकून मान हलवायची. कधी अर्धवट झोपेत ओठ घोळवायची, तोंडात पाणी असल्यासारखी.

गणपती विसर्जन झाल्यावर ती गेली. बोटीनेच तिला गावी नेलं. बायकांनी न्हाऊमाखू घातलं, हिरवी साडी नेसवली, आणि सवाष्ण म्हणून जायची तर जोडवी हवीत, म्हणून कुणीतरी देव्हाऱ्यातून आणून दिली. कल्पिताने ती आईच्या बोटांत घातली. सूज केव्हाच उतरली होती. जोडवी सरळ आत गेली आणि सैल फिरली. एका बाईने त्यांना दोरा गुंडाळून दिला, पडू नयेत म्हणून.

कार्तिकात कल्पिता एका शनिवारी गोराईला मुक्कामाला गेली. अण्णा आता एकटेच होते. प्रकल्पाने विहिरीत कायमचं यंत्र बसवलं होतं. ते रोज पहाटे आळीतल्या प्रत्येकाच्या फोनवर क्षाराचा आकडा पाठवायचं. कल्पितालाही तो बोरिवलीत उठल्या उठल्या दिसायचा. तिने तो बंद केला नव्हता.

सकाळी ती उठून विहिरीवर आली. तोंडात काही घातलं नव्हतं. अण्णा आधीच कठड्याशी होते. आई जिथे बसायची, तिथे स्टीलचा तांब्या ठेवलेला. ते रोज त्यात पोहऱ्यातलं पाणी भरून ठेवत, दिवसभराच्या उन्हात ते आटत जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरत. 

कुंपणापलीकडे इनास उभा होता. एका हातात फोन, दुसरा हात पंपाच्या खटक्यावर. फोनमधला आकडा त्याने वाचलाच होता. तरी तो तसाच उभा होता.

कल्पिताने पोहरा सोडला. पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं, दोन्ही गालांत नेलं. मग गिळलं. तिने उरलेलं पाणी अण्णांपुढे धरलं.

"तुम्ही पण बघा."

अण्णांनी तंबाखू थुंकून, चूळ भरून तोंड धुतलं, तेही नळाच्या पाण्याने. मग ओंजळ लावली. इतकी वर्षं त्या कठड्यावर त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मचूळ," ते म्हणाले.

कल्पिताने मान डोलावली. तिलाही तेच लागलं होतं. ती कुंपणाकडे वळली.

"आज नको."

इनासने खटक्यावरचा हात काढून घेतला. अण्णांनी पोहऱ्यात उरलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि तांब्या जागेवर ठेवला. पाणी काठापर्यंत आलं नाही. पाण्याच्या थोडं वर, स्टीलच्या अंगावर, कालची पांढरी कड तशीच दिसत होती.